आम्लपित्ताची गोळी जनुके पाहूनच घ्यावी का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

आम्लपित्ताने त्रासलेल्या लोकांमध्ये एक संदेश फार फिरतो आहे. लाळेची एक जनुकीय चाचणी केली की आम्लपित्त आणि अल्सरवर कोणती गोळी लागू पडेल हे जन्मभरासाठी कळते, गोळीने गुण येत नसेल तर दोष जनुकांचा असतो आणि चाचणी न करता गोळी घेणे धोक्याचे असते, असे त्यात म्हटले आहे. यात तथ्यांश आहे, म्हणूनच तो अतिशयोक्तीपासून वेगळा करणे मला आवश्यक वाटते.

ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल आणि पॅन्टोप्राझोल या आम्ल दाबणाऱ्या औषधांचे विघटन मुख्यतः यकृतातील सीवायपी२सी१९ हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) करते. जनुकातील फरकांमुळे ते कोणात वेगाने, कोणात मंद चालते; वेगाने चालले तर औषध रक्तातून लवकर नाहीसे होते आणि आम्ल पुरेसे दबत नाही. जपानमध्ये ६२ रुग्णांना ओमेप्राझोल आणि अमॉक्सिसिलिन देऊन केलेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सरचा जिवाणू नष्ट होण्याचे प्रमाण त्यात वेगवान गटात सुमारे २९ टक्के, मधल्या गटात ६० टक्के आणि मंद गटात १०० टक्के आढळले. हा फरक मोठाच आहे. मात्र तो दोनच औषधांचा उपचार होता; आज तीन किंवा चार औषधे एकत्र दिली जातात आणि त्यांचे यश जिवाणू प्रतिजैविकांना दाद देतो की नाही यावरही फार अवलंबून असते. ते रुग्णाच्या लाळेतील जनुकांवरून कळत नाही.

‘कोणती गोळी लागू पडेल ते कळते’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. चाचणी प्रामुख्याने मात्रेविषयी सांगते. जनुकांनुसार औषधे कशी द्यावीत हे सुचवणाऱ्या सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार अतिवेगवान गटात सुरुवातीची मात्रा ५० ते १०० टक्क्यांनी वाढवावी. मंद गटात नेहमीच्या मात्रेने सुरुवात करावी आणि उपचार १२ आठवड्यांहून अधिक चालणार असतील, तर गुण आल्यावर ती निम्मी करण्याचा विचार करावा. अहवाल हाती असेल तर काय करावे, एवढेच हे मार्गदर्शन सांगते. चाचणीविना गोळी देऊ नये, असे ते म्हणत नाही. याच प्रकारचे राबेप्राझोल हे औषध तर या एन्झाइमवर तुलनेने कमी अवलंबून असते.

सर्वांत अधिक नुकसान ‘गुण नाही म्हणजे जनुकांचा दोष’ या समजुतीने होते. यांपैकी कोणतीही गोळी जठरातील आम्ल स्रवणारे पंप बंद करते, पण केवळ त्या वेळी चालू असलेले. म्हणून ती जेवणापूर्वी अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर किंवा झोपताना घेतलेली गोळी उणी पडली, तर आधी वेळ सुधारावी. सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतील, जिवाणूची तपासणीच झाली नसेल, किंवा जळजळ मुळात आम्लाची नसेल, तर जनुकांचा अहवाल कितीही अचूक असो, दुखणे तसेच राहील. आणि घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच होणे, रक्ताची उलटी होणे यांपैकी काही असेल, तर लाळेच्या अहवालाची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक दिवस महाग पडू शकतो. तेथे डॉक्टरांकडे जाऊन एंडोस्कोपीविषयी विचारणे हेच पहिले काम आहे.

‘जन्मभरासाठी’ हा शब्दही जपून वापरायला हवा. जनुक बदलत नाही, पण एन्झाइमचे काम बदलते: फ्लुकोनाझोलसारखे बुरशीवरचे औषध किंवा यकृताचा आजार त्याला मंद करू शकतो.

चाचणीचा खरा उपयोग मला दोन ठिकाणी दिसतो. वेळेवर आणि योग्य मात्रेत गोळी घेऊनही अन्ननलिकेतील जखम भरत नसेल, तर ती कारण शोधायला मदत करते. दुसरे ठिकाण हृदयाचे. अँजिओप्लास्टीनंतर दिले जाणारे, रक्ताच्या गुठळ्या रोखणारे क्लोपिडोग्रेल हे औषध याच एन्झाइममुळे कार्यक्षम होते आणि ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल त्या एन्झाइमला अडवतात. त्यामुळे क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी पित्ताची गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर घेण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना तिचे नाव सांगावे, आणि चाचणी झालेली असेल तर तो अहवालही सोबत न्यावा.