पिशवी लावली म्हणजे फसवलं असं नाही हो ताई

ताई, बाबांच्या डायव्हर्टिक्युलायटिसवर (मोठ्या आतड्याला आलेल्या छोट्या फुगवट्यांना सूज येते तो आजार) मी पोस्ट लिहिली होती, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, आतडं फुटल्यावर बाबांना पोटावर शौचाची पिशवी लावून नंतर दुसरं ऑपरेशन ठेवलं ते निव्वळ दोन बिलांसाठी, आतडं तेव्हाच जोडता आलं असतं, आणि या आजाराचे आधीचे दोन अटॅक आले तेव्हाच आम्ही ऑपरेशन उरकायला हवं होतं.

त्या रात्री घोडबंदर रोडवरून बाबांना नेलं तेव्हा पोट दगडासारखं झालेलं, बीपी पडलेलं, आणि उघडल्यावर पोटभर शौच पसरलेली, म्हणजे हा आजार किती बिघडलाय ते सांगणाऱ्या हिंचीच्या वर्गवारीतला चौथा, सगळ्यात वाईट टप्पा. अशा घाणीत आतडं जोडलं आणि जोड लीक झाला तर माणूस हातचा जातो, म्हणून फुटलेला सिग्मॉइडचा (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणाचा) भाग काढला, वरचं टोक पिशवीत आणलं, खालचं शिवून टाकलं. हेच हार्टमन ऑपरेशन, मुळात 1921 साली कॅन्सरसाठी सांगितलेलं.

पण तुमचं एक खरंय आणि ते मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पेशंट स्टेबल असेल तर फुटलेलं असूनही तेव्हाच जोडता येतं, वर गरज पडली तर लहान आतड्याची तात्पुरती पिशवी. 2019 ला लेडीज नावाच्या युरोपातल्या ट्रायलमध्ये तसं जोडलेल्यांपैकी जास्त लोक वर्षभरात पिशवीशिवाय होते, फक्त बीपी पडलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते. आणि हार्टमन झालेल्या बऱ्याच जणांची पिशवी कधी निघतच नाही, कारण ते दुसरं ऑपरेशनही मोठंच असतं, वय झालेल्यांना झेपत नाही. आमची सात महिन्यांनी निघाली.

दोन अटॅक म्हणजे ऑपरेशन हा जुना नियम, आता असं मोजत नाहीत. आतडं फुटायचं असेल तर बहुतेकदा पहिल्याच अटॅकला फुटतं, बाबांचं तिसऱ्याला फुटलं हे आमचं नशीब. ठरवायचं ते त्रास किती, आतडं अरुंद झालंय का, फिस्टुला आहे का, म्हणजे आतडं शेजारच्या अवयवाला आतून जोडलं गेलंय का, यावर.

आणि म्हणूनच, तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंत ना की सासूबाईंना लघवीतून हवा जाते आणि सारखं इन्फेक्शन होतं, ते वाचून मला चैन पडेना. हे आतडं आणि मूत्राशय जोडलं गेल्याचं लक्षण असू शकतं, ते सहसा गोळ्यांनी बरं होत नाही. याच आठवड्यात सर्जनला दाखवा, सीटी करून घ्या, आणि कोलोनोस्कोपीचं (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघण्याचं) विचारा, कारण कॅन्सरनेही असंच होतं. तुम्ही वाशीला राहता ना, सोबत कोणी नसेल तर मी येते.