मला खुर्ची आणि कॉफी, तिला ‘नेक्स्ट प्लीज’

डोकं नुसतं तापलंय. शनिवारची सकाळ, शिकागोची हाडं गोठवणारी थंडी, आणि आम्ही तिसऱ्यांदा त्याच बँकेच्या त्याच काउंटरसमोर. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या ऑफिसात सफाईचं काम करणाऱ्या मेक्सिकन काकू. मूळच्या पुएब्लाच्या. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला ‘मिहा’, म्हणजे पोरी. काम काय, तर एक साधं खातं उघडायचंय. कर्ज नकोय हो, खातं!

पहिल्या खेपेला काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नाही? मग होणार नाही. अरे, कुठल्या कायद्यात लिहिलंय? परदेशी माणसाचा पासपोर्ट नंबर चालतो, सोशल नंबर मिळत नाही त्यांना टॅक्सवाले देतात तो आयटिन नंबरही चालतो. सेन्योरांकडे आयटिन आहे, 9 ने सुरू होणारा. दरवर्षी इमानेइतबारे टॅक्स भरतात बाई. त्याचं पत्र पुढे केलं, तर त्याने ते जुन्या लॉटरीच्या तिकिटासारखं उलटसुलट करून परत दिलं.

दुसऱ्या खेपेला पासपोर्ट आणि मेक्सिकन कॉन्सुलेटचं ‘मात्रिकुला’ ओळखपत्र, दोन्ही नेलं. आता काय, तर पत्त्याचा पुरावा. बाई तळघरातल्या एका खोलीत भाड्याने राहतात, लाइटचं बिल मालकाच्या नावावर. कुठून आणायचा पुरावा?

आज सगळं जमवून नेलं. तर नाव अडलं! मेक्सिकोत आडनावं दोन, आधी बापाचं, मग आईचं. एर्नांदेस लोपेस. बँकेच्या कॉम्प्युटरने एर्नांदेसला मधलं नाव करून टाकलं आणि लोपेस तेवढं आडनाव ठेवलं. पगाराचा चेक एर्नांदेस नावाने. ‘मॅम, नेम मॅच होत नाहीये.’ (मला हे नवीन नाही. नवऱ्याचं नाव मधे लावायची आपली पद्धत, त्यामुळे इथे एका दवाखान्यात मला अजून त्याच्याच नावाने हाक मारतात.) मी जीव तोडून समजावलं. पोरगा माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, ‘नेक्स्ट प्लीज.’

आणि खरी आग कशाची झाली सांगू? मी या देशात आले तेव्हा माझ्याकडेही सोशल नंबर नव्हता. हीच बँक. पासपोर्ट आणि कंपनीचं पत्र, बस्स. अर्ध्या तासात खातं, वर खुर्ची, वर कॉफी. तेव्हा नियम कुठे फिरायला गेले होते?

खातं नाही म्हणून बाई दर आठवड्याला ‘करन्सी एक्स्चेंज’मध्ये जातात. शिकागोत चेक वटवून रोख देणाऱ्या दुकानांना असं म्हणतात. 640 डॉलरच्या चेकमागे पंधरा डॉलर कापतात. वर्षाचे 780! स्वतःच्याच घामाचे पैसे हातात घ्यायला. त्यात 2026 च्या जानेवारीपासून रोख भरून परदेशी पैसे पाठवले की 1 टक्का कर. खात्यातून पाठवले तर नाही. म्हणजे आईला पुएब्लाला पैसे पाठवताना पुन्हा कात्री. ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्यालाच दंड!

वर क्रेडिट स्कोअरचं प्रवचन द्यायला सगळे तयार. या बाईंनी अनेक वर्षं तांदा चालवलीय. तांदा म्हणजे आपली भिशी, डिट्टो. दहा बायका, दर आठवड्याला पैसे, आजवर एकही हप्ता बुडालेला नाही. वही दाखवली मला, कोपरे दुमडलेली, प्रत्येक नावापुढे खूण. त्या वहीची किंमत स्कोअरच्या हिशेबात शून्य. मेक्सिकोतल्या बँकेतला व्यवहारही इथे शून्य.

बँकेतून निघालो ते तडक 26व्या रस्त्यावरच्या एक्स्चेंजमध्ये. काचेमागचा माणूस बाईंना बघून हसला, ‘बुएनोस दीयास, सेन्योरा एर्नांदेस लोपेस!’ अख्खं नाव, एका दमात, बिनचूक. आणि पंधरा डॉलर कापून नोटा मोजायला लागला.