पाटी मराठीच हवी, पण अहवाल?

गेल्या महिन्यात दादानं फोटो पाठवला. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीतल्या सोसायटीची, म्हणजे पतसंस्थेची, नवी पाटी. वर भलं मोठं कन्नड, खाली मराठी, तेही चष्मा लावून वाचावं लागेल एवढं. पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा कर्नाटकानं 2024 मध्ये केला, त्याचा हा परिणाम. घरच्या ग्रुपवर दिवसभर आगपाखड चालली होती. मीही एक लालबुंद चेहरा टाकला. पण मग राहवलं नाही, विचारलं, "दादा, सोसायटीचा यंदाचा वार्षिक अहवाल आला काय? कुणी वाचला?"

"तू तिथं बसून काय बोलूलालीस? इथं भाषेचा प्रश्न चाललाय."

'तिथं' म्हणजे जर्मनी, स्टुटगार्टजवळचं एक गाव. चौदा वर्षं झाली. इथून बोलणाऱ्याचं तिकडे कुणी ऐकत नाही आणि ते बरंच आहे, कारण आम्ही परदेशातली मंडळी फार लवकर शहाणी होतो. तरी यावेळी गप्प बसवेना.

पाटीचं दुःख मलाही आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हा नुसता नकाशा बदलला नाही. 1925 च्या मुंबई कायद्याखाली चालणाऱ्या सोसायट्या पुढे 1959 च्या म्हैसूरच्या कायद्याखाली आल्या. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजची माणसं बाजाराला आजही बेळगावलाच येतात, पण संस्थेला सीमेपलीकडे सभासद करायचे तर बहुराज्य नोंदणी घ्या, म्हणजे निबंधक थेट दिल्लीचा. कचेऱ्यांतून मराठी हळूहळू गेली. उरली ती सोसायटीत: पासबुकावर, सभेत आणि कर्जाच्या अर्जावर. माणसं तिला आपली म्हणतात ते उगीच नाही.

वडगावात आमचं किराणा दुकान होतं. रोज साडेसातच्या सुमारास सोसायटीचे पिग्मीवाले काका यायचे. (ही पिग्मी, म्हणजे दारात येऊन रोज गोळा केली जाणारी छोटी ठेव, 1928 ची, उडुपीच्या सिंडिकेट बँकेची कल्पना. आमच्याकडे मराठी-कन्नड दोघांनीही ती आपलीच म्हणून घेतली.) कानावर बॉलपेन, हातात रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा. बाबा गल्ल्यातून वीस रुपये काढून द्यायचे, मंदी असली तर दहा. "आज नको, उद्या बघू की," असं म्हणालेले मला आठवत नाहीत. काका कार्डावर आकडा लिहायचे, सही करायचे, बरणीतली चिमूटभर बडीशेप तोंडात टाकून पुढच्या दुकानात. माझ्या इंजिनीअरिंगची पहिली फी त्या कार्डांतूनच गेली.

पुढे बाबांनी दुकान विकलं आणि आलेले पैसे दुसऱ्या एका सोसायटीत मुदत ठेवीत टाकले. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त. दोन वर्षांत तिच्यावर प्रशासक आला, मग अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी. तेव्हा कळलं की ठेवीवरचा विमा बँकेला असतो, सोसायटीला नाही. फेब्रुवारी 2020 पासून तो पाच लाखांचा झाला, पण तोही बँकेतल्याच ठेवीला. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर असते, पतसंस्था आणि 'सौहार्द' (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालच्या सहकारी संस्था) त्या कक्षेच्या बाहेर. बाबा मात्र शेवटपर्यंत तिला 'बँक' म्हणत राहिले. काउंटर होतं, शिपाई होता, लॉकर होते. माणसाला अजून काय लागतं?

त्या सोसायटीची पाटी शुद्ध मराठीत होती, अहवालही. मी नंतर जुने काढून बघितले. चेअरमनचा फोटो, श्रद्धांजली, गुणवंत विद्यार्थी, आणि मागच्या पानांवर बारीक अक्षरात थकबाकी, तीन वर्षं चढत गेलेली. कन्नडमध्ये असती तर निदान कुणाला तरी संशय आला असता, असं मी एकदा चिडून म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही.

गंमत म्हणजे सहकारी पतसंस्थेची ही सगळी कल्पना मुळात जर्मनीतलीच. रायफायझन नावाचा एक गावचा बर्गरमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष, यानं दुष्काळात लोकांची पिठा-भाकरीची सोय केली आणि 1864 मध्ये हेडेसडॉर्फला कर्जसंस्था काढली. मद्रासच्या निकल्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1890 च्या दशकात त्याचा अभ्यास करून सरकारला अहवाल दिला. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यातून आला, आणि 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला त्या कायद्याखालची पहिली शेती पतसंस्था निघाली. बेळगावहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. रायफायझनची मेख एकच होती: संस्था एका गावापुरती आणि जबाबदारी अमर्यादित. शेजाऱ्यानं कर्ज बुडवलं तर तुमचं शेत जाईल. मग शेजारी डोळे उघडे ठेवणारच. आपल्या शहरी संस्थांत सभासदाची जोखीम शेअरपुरती राहिली आणि 'शेजारी' हा शब्द फक्त भाषणात उरला.

इथे मी फोक्सबँकेची, म्हणजे इथल्या सहकारी बँकेची, सभासद आहे. 1889 च्या कायद्यापासून सहकारी संस्थेला बाहेरच्या हिशेब तपासनिसाकडून तपासणी करून घ्यावीच लागते, पुढे तपासणी-संघाचं सभासदत्वही सक्तीचं झालं. एखादी बँक अडचणीत आली तर बाकीच्या मिळून तिला सावरतात. ही व्यवस्था 1934 पासूनची, आणि तेव्हापासून ठेवीदाराचा पैसा बुडालेला नाही. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तिथंच ठेव की पैसे."

पण इथलंही सगळं गोड नाही. विलीनीकरणं होत होत आमच्या बँकेचं मुख्यालय तीस किलोमीटरवर गेलं. गावातली शाखा बंद झाली, आता गुरुवारी एक बँकगाडी येऊन चर्चसमोर उभी राहते. शेजारची ऐंशी वर्षांची बाई काठी टेकत रांगेत थांबते. वार्षिक सभेत मला तोंड उघडता येत नाही, कारण सभासद हजारोंनी, म्हणून प्रतिनिधी निवडून द्यायचे. सोसायट्या मोठ्या बँकांत विलीन करा, असं बेळगावातले काही सीए म्हणतात, तेव्हा मला ती गुरुवारची रांग दिसते. विलीन होऊ नयेत. पण राहायचं तर कुणीतरी मागची पानं उघडायला हवीत, आणि आपल्याकडे ती आपल्याच भाषेत आहेत.

शेवटी दादानं अहवाल मिळवला. मी त्याला सभेसाठी एक वाक्य लिहून पाठवलं: सर्वांत मोठ्या वीस थकबाकीदारांकडे मिळून किती रक्कम अडकली आहे, आणि त्यात संचालकांचे नातेवाईक किती?

दोन निळ्या खुणा आल्या. रात्री उशिरा उत्तर आलं.

"हे उभं राहून विचारायचं? चेअरमन आपल्या गल्लीतले की."