एकटा भारत अख्ख्या युरोपपेक्षा जास्त साखर मागवतो म्हणे!

गाळपाचा सीझन जवळ आला की आमच्या सोलापूर जिल्ह्यात ज्या त्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो. "एकटा भारत अख्ख्या युरोपपेक्षा जास्त साखर बाहेरून आणतो, युरोपनं शेतकऱ्यासाठी दारं लावून घेतली, आपली सताड उघडी, म्हणून तुमच्या उसाला दर नाही." राज्यात सगळ्यात जास्त कारखाने आपल्या जिल्ह्यात, त्यामुळं इथं ही गोष्ट लगेच पटते. पण मालक, एकेक वाक्य धरून बघा की.

"भारत बाहेरून आणतो." आणतो, खरंय. पण जाते कुठं ती? कांडला, हल्दिया, काकीनाडा अशा बंदरांवर रिफायनऱ्या आहेत, त्या ॲडव्हान्स ऑथोरायझेशन नावाच्या सरकारी परवान्यावर कच्ची साखर ड्युटी (आयात कर) न भरता उतरवतात, पांढरी करतात आणि परत जहाजात भरून बाहेर पाठवतात, पाठवलीच पाहिजे अशी अटच असते. म्हणजे आपल्या मार्केट यार्डात त्यातलं एक पोतं येत नाही, पण कस्टमच्या कागदावर ती आयात म्हणून चढते आणि मेसेजवाला तेवढाच आकडा उचलतो, निर्यातीचा रकाना बघतच नाही.

इथं खायला म्हणून आणायची तर २०१८ च्या फेब्रुवारीपासून १०० टक्के ड्युटी आहे. ४० रुपयांच्या साखरेवर ४० रुपये कर भरून कोण आणंल? हां, २०१७ ला सरकारनं ५ लाख टन कच्ची साखर बिनड्युटीची आणू दिली होती, दुष्काळानं आपल्याकडचा ऊस गेला होता म्हणून. पण देश तेव्हा वर्षाला अडीचशे लाख टनांच्या आसपास साखर खात होता, म्हणजे ती सगळी मिळून आठवड्याभराची साखर झाली.

"अख्खा युरोप." आता हा युरोप कुठला ते सांगा आधी. खरी गोम इथंच आहे. जर्मनी-फ्रान्सची बीटाची साखर इटलीला गेली तर इटलीच्या खात्यावर ती आयातच, पण युरोपियन युनियन एक धरलं तर तो घरातल्या घरातला व्यवहार. २७ देशांच्या आयातीची नुसती बेरीज केली तर युरोप राक्षसासारखा दिसतो आणि फक्त बाहेरून आलेली मोजली तर एकदम बारीक होतो. (मेसेजला उत्तर म्हणून फिरणारा "युरोप भारताच्या कितीतरी पट आणतो" हा मेसेज पहिल्या पद्धतीनं मोजलेला असतो, तोही तेवढाच फालतू.) त्यात ब्रिटन धरलाय का नाही? लंडनला टेम्सच्या काठावर मोठी रिफायनरी आहे, ती बाहेरच्या कच्च्या साखरेवरच चालते, ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधनं बाहेर पडायच्या आधी तिचा माल युरोपच्या आयातीत मोजला जायचा, आता नाही, उलट युरोपातनं ब्रिटनला गेलेली साखर निर्यात झाली. २०१९ चा आकडा २०२१ च्या शेजारी ठेवला की हा घोळ होतोच.

काही जण त्याच्या पुढं जाऊन "गोड पदार्थांची एकूण आयात" म्हणून ग्लुकोज, स्टीव्हिया, सुक्रालोज सगळं टनात मिळवतात. सुक्रालोज साखरेच्या सहाशे पट गोड असतं राव, त्याची टनात कसली तुलना!

"युरोपनं दारं लावली." अर्धी लावली. कच्च्या साखरेला टनाला ३३९ युरो आणि पांढरीला ४१९ युरो ड्युटी आहे, बरोबर. पण गरीब देशांच्या साखरेला २००९ पासून शून्य, ब्राझीलला ठरलेल्या कोट्यात ९८ युरो, आणि युद्ध सुरू झाल्यावर २०२२ ला युक्रेनला तर वीसेक हजार टनांचा जुना कोटा काढून सरसकट मोकळीक दिली. तिथले बीटवाले शेतकरी बोंबलायला लागले तेव्हा २०२४ च्या जुलैत परत कोटा लावला. म्हणजे दार लावून घेण्यात आपणच पुढं आहोत.

"म्हणून उसाला दर नाही." एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, २०१८-१९ ला ती टनाला २७५० होती, २०२५-२६ ला ३५५० झाली, तीही १०.२५ टक्के रिकव्हरीला (शंभर किलो उसातनं निघणारी साखर), आधी बेस १० होता. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ केली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ही ३५५० जाहीर झाली तेव्हाही ती ३१ च होती. १०.२५ नं टनाला १०२.५ किलो साखर निघते, ३१ नं धरली तर ३१७७ रुपये, म्हणजे ३५५० पेक्षा कमीच. बाजारात ती त्याच्या वर विकते, मळी आणि बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) पैसे वेगळे, हे मान्य, पण हिशोब इथं आवळलेला आहे, बंदरावर नाही. वर निर्यात कधी सोडतात कधी बंद करतात, २०२१-२२ ला ११० लाख टनांच्या आसपास गेली, २०२३-२४ ला जवळपास बंदच, मग २०२५ च्या जानेवारीत १० लाख टन. कुठल्या महिन्यात किती विकायची तो कोटाही दिल्लीच ठरवते.

आणि ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल नाही आलं तर १५ टक्के व्याज द्यायचं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. त्याचा आणि युरोपचा काय संबंध ते मेसेज पाठवणाऱ्यानं सांगावं.