'खरं बोललं की बदनामी होत नाही' म्हणे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, वर 'वकील मित्राकडून', खाली तिरंगा. म्हणणं असं की खरं लिहिलं तर बदनामी होतच नाही, 'हे माझं मत' म्हटलं की विषय संपला, फॉरवर्ड करणाऱ्यावर काही येत नाही, आणि हा कायदा म्हणजे इंग्रजांनी मागे ठेवलेलं भूत, युरोपात असलं काही नसतं. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतं.

आधी खऱ्याचं बघू. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा असेल तर खरेपणा सिद्ध केला की सुटलात, बरोबर. पण फौजदारीत (आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६) नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. म्हणजे शेजारच्याचा जुना आजार ग्रुपवर टाकलात, शंभर टक्के खरा, पण त्यात कोणाचं हित? उलट पत्रकार प्रिया रमानींनी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला आणि अकबरांनी बदनामीचा फौजदारी खटला भरला, तेव्हा खरेपणा आणि लोकहित दोन्ही कोर्टाला पटलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. पण तोवर दोन वर्षांहून जास्त हेलपाटे झालेच ना.

आता 'माझं मत'. यावर सगळ्यात भारी केस ऑस्ट्रियाची आहे. लिंगेन्स नावाच्या पत्रकाराने १९७५ मध्ये तिथले चान्सलर ब्रुनो क्रायस्की यांच्या वागण्याला संधिसाधू, अनैतिक वगैरे म्हटलं, तर तिथल्या कोर्टाने सांगितलं सिद्ध कर, नाहीतर दंड भर. अहो, 'संधिसाधू' हे सिद्ध कसं करणार? १९८६ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाने एकमताने लिंगेन्सची बाजू घेतली, की घटना सिद्ध करता येते, मत नाही, आणि राजकारण्याने सामान्य माणसापेक्षा जास्त टीका सहन करायला हवी. पण याच कोर्टाने पुढे हेही म्हटलंय की मताखाली काहीतरी तथ्याचा आधार लागतो. त्यामुळे 'माझ्या मते सेक्रेटरीने फंड खाल्ला' हे मत नव्हे, सरळ चोरीचा आरोप आहे, पुढे 'माझ्या मते' लावा नाहीतर हात जोडलेला इमोजी लावा.

फॉरवर्डचं एका वाक्यात: दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलं की बदनामीकारक पोस्ट रिट्वीट करणं हेही प्रकाशनच.

आणि युरोपात असलं काही नसतं? क्रायस्कींची केस कुठली होती मग! युरोपीय मानवाधिकार करारात कलम १० बोलायचं स्वातंत्र्य देतं आणि त्यातच दुसऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी मर्यादाही घालतं, शिवाय ही प्रतिष्ठा कलम ८ मधल्या खासगी आयुष्याच्या हक्कातही धरतात, म्हणजे दोन्ही पारडी भरलेली. एका जर्मन टीव्ही नटाला म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये कोकेनसाठी पकडलं आणि बिल्ड पेपरने छापलं, तर २०१२ मध्ये याच स्ट्रासबर्गच्या कोर्टाने तपासलं काय: माणूस किती प्रसिद्ध, बातमी कुठून मिळाली, लोकांना त्याच्याशी घेणंदेणं आहे का, शिक्षा किती. पेपर जिंकला, पण हे सगळं तोलून, 'प्रेस आहे म्हणून' नाही.

एका बाबतीत मात्र मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे, ती म्हणजे जेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०११ मध्येच सांगितलंय की बदनामीसाठी तुरुंगवास कधीच योग्य शिक्षा नाही. इंग्लंडने स्वतःकडचा फौजदारी कायदा २००९ मध्ये रद्द केला, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये प्रतिष्ठा हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणत आपला कायम ठेवला. दोन वर्षांपर्यंतची कैद अजून पुस्तकात आहे. भूत म्हणायचंच असेल तर याला म्हणा, बाकीच्या कायद्याला कशाला.