बाभळीच्या शेंगा आणि गुडघ्याची गादी

चवथीपासून आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक निरोप फिरतो आहे. फोंड्यातल्या माझ्या फार्मसीत तो मोबाइलवर दाखवत कितीतरी माणसे येऊन गेली. मजकूर थोडक्यात असा: 'गुडघा बदलू नका! बाभळीच्या शेंगांची पूड तीन महिने कोमट पाण्यातून घ्या. सांध्यातले वंगण परत तयार होते, झिजलेली गादी भरून येते, सगळ्या प्रकारचा संधिवात मुळापासून जातो. आंबट बंद करा. संधिवाताला डॉक्टर देतात ती गोळी कॅन्सरची आहे, ती आजच फेका.' खाली गुडघ्याचे दोन एक्स-रे, आधीचा आणि नंतरचा.

लोकांचा विश्वास बसतो तो त्या एक्स-रेंमुळे, म्हणून आधी तेच बघू. एक्स-रेत गादी, म्हणजे कूर्चा, दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि तिच्यावरून गादी किती उरली याचा अंदाज बांधायचा. उभे करून एक्स-रे काढला तर अंगाच्या भाराने फट अरुंद दिसते. झोपवून काढला तर तोच गुडघा त्याच दिवशी बरा दिसू शकतो. निरोपातल्या चित्रांत तर पोटरीतले बारीक हाड एकात डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे. म्हणजे एक तर ते दोन वेगळे पाय आहेत, नाहीतर एक चित्र उलटे टाकले आहे.

आता गादी भरून येण्याचे. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लिहून ठेवले, की एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. कारण तिच्या रचनेतच आहे. गुडघ्यातली गादी जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाड, आणि तिच्यात रक्तवाहिनी नाही. हात कापला तर रक्त येते, त्यातूनच दुरुस्तीची माणसे येतात म्हणा ना. इथे तो रस्ताच नाही. चालताना गादी दाबली जाते, सुटते, आणि स्पंजासारखी आजूबाजूच्या द्रवातून पोषण ओढून घेते. 2016 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. संशोधकांनी गुडघ्यातल्या कूर्चेत त्याची खूण मोजली, म्हणजे ती कधी बनली ते कळते. कूर्चेच्या चौकटीचे कोलॅजन हे प्रथिन माणूस वाढत्या वयात असतानाचेच निघाले. पुढे आयुष्यभर त्यात जवळजवळ नवी भर पडलेली नव्हती, ना निरोगी गुडघ्यात, ना झिजलेल्या. शेंगांच्या पुडीने तीन महिन्यांत करायचे काम ते हे!

मग गादीची दुरुस्ती होतच नाही का? काही प्रमाणात होते. फुटबॉल खेळताना पाय मुरगळून विशीतल्या पोराच्या कूर्चेचा टवका उडाला, तर त्या जागी हाडाला बारीक छिद्रे पाडून आतल्या पेशींना वाट करून देतात. जे उगवते ते मूळच्यापेक्षा कमी टिकाऊ असते. दुसरी पद्धत स्वीडनची, 1994 मध्ये प्रसिद्ध झालेली: रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात बसवायच्या. पण हे खड्डे बुजवणे झाले. पासष्टीच्या माणसाचा अख्खा रस्ताच उखडलेला असतो, तिथे हा उपाय लागू पडत नाही.

माझ्याच कपाटातल्या मालाबद्दलही सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानदार स्वतःचे झाकतो. सांध्यांसाठी म्हणून खपणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या महागड्या गोळ्यांची अमेरिकेत दीड हजारावर रुग्णांवर चाचणी झाली, निकाल 2006 मध्ये आला. एकंदर रुग्णांत वेदनेवर त्यांचा परिणाम साखरेच्या गोळीपेक्षा ठळकपणे जास्त दिसला नाही. बाभळीच्या शेंगांत तुरट टॅनिन भरपूर असते. कातडे कमावायला त्या वापरतात. तोंडात तुरट लागते म्हणून गुडघ्यात गादी उगवत नाही.

आणि 'वंगण संपले' हे तर बहुतेकदा उलटच. सुजलेल्या गुडघ्यात पाणी जास्त झालेले असते, डॉक्टर ते सुईने काढतात.

'सगळ्या प्रकारचा संधिवात' या तीन शब्दांत मोठी गफलत आहे. आपण ज्याला सरसकट संधिवात म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. एक, वयाची आणि वजनाची झीज. दोन, आमवात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटणे. तीन, युरिक अ‍ॅसिडचा गाउट. चार, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी दुखी. चारांना एकच पूड कशी? निरोपवाले आयुर्वेदाचे नाव घेतात, पण आयुर्वेदातही संधिगतवात, आमवात आणि वातरक्त ही तीन वेगळी निदाने आहेत. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे.

आंबट बंद करण्याचेही तसेच. सोलकढीने कोणाची कूर्चा झिजल्याचा पुरावा नाही. गाउट असेल तर मात्र तारले-तिसऱ्यांसारखी मासळी, बिअर आणि फेणी यांवर हात आखडावा लागतो, आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही!

राहिली 'कॅन्सरची गोळी'. माझी खरी चीड इथे आहे. आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका वहिनींनी हा निरोप वाचून आमवातावरची ती गोळी, मेथोट्रेक्सेट, बंद केली. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा बोटांचे पेर फुगलेले, सकाळी दोन तास मूठ वळत नाही, विळीवर नारळ खोवता येईना. मेथोट्रेक्सेट कॅन्सरवरही वापरतात हे खरे आहे. पण आमवातात ती आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम एवढीच देतात. काही कॅन्सरांत तिचा डोस शेकडो-हजारो मिलिग्रॅमपर्यंत जातो. अमेरिकेत आमवातासाठी तिला 1988 मध्ये मान्यता मिळाली. आमवात पहिल्या काही महिन्यांतच हाड कुरतडायला लागतो, आणि ही गोळी ते कुरतडणे रोखू शकते. गादी वाचवायचीच असेल तर या आजारात ती अशी वाचते, उगवून नव्हे.

गोळी निरुपद्रवी नाही, हेही सांगतोच. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून मी पाकिटावर बॉलपेनने वार लिहून देतो. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक दिवसांनी रक्त आणि यकृताची तपासणी, दारूला फाटा, आणि गरोदरपणात ही गोळी चालत नाही. गोळी सोडावीशी वाटली तर डॉक्टरांना विचारायचे, ग्रुपला नाही.

'पण आमच्या काकांना पुडीने चार दिवसांत फरक पडला,' असे कोणीतरी म्हणतेच. चार दिवसांत फरक पडला की मला धास्ती वाटते. 1948 मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले. अंथरुणातून उठता न येणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. मागोमाग दुष्परिणामही दिसले: सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडे. बिननावाच्या पुड्यांत याच जातीचे स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. अशी पूड बरेच दिवस घेऊन एकदम थांबवणेही धोक्याचे, कारण तोवर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करून बसलेले असते. ती घेऊनच डॉक्टरांकडे जावे, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जिथे जवळ पडेल तिथे.

'गुडघा बदलू नका' यात अर्धे तथ्य आहे. दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला शस्त्रक्रिया लागत नाही. एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट केले तर कळ कमी होते. भजनाला मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची घेतली तर देव रागावत नाही. हे सगळे करूनही रात्री झोप लागत नसेल, घराच्या पायऱ्या चढवत नसतील, तेव्हा गुडघा बदलणे हा चांगला उपाय आहे.

वहिनींनी डॉक्टरांना दाखवून गोळी पुन्हा सुरू केली आहे. त्यांचा वार बुधवार. परवा विचारत होत्या, भाई, मग ती पूड घेऊ की नको? मी म्हटले, घ्यायचीच तर गोळी न सोडता आणि डॉक्टरांना सांगून. आणि पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव नि परवाना क्रमांक नसेल, तर अजिबात नको.