बटाट्याचा लिलाव

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी बैलगाडा शर्यतीवरून भांडण पेटतं. एकीकडे खटाव तालुक्यातले काका, दुसरीकडे पुण्यातली चुलतबहीण जिच्या घरी दोन मांजरं आहेत, आणि मधे आम्ही परदेशातले, ज्यांना दोघांकडूनही "तू तर बोलूच नको" एवढंच मिळतं. 2014 ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा काका धुमसत होते, डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले, मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला तेव्हा मला वाटलं संपला विषय, पण कसला संपतोय. आणि अशात मी लेकीचा बोकडाबरोबरचा फोटो टाकला.

आम्ही आयोवात राहतो. लेक तेरा वर्षांची, फोर-एच क्लबात जाते. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी 1902 मध्ये ओहायोत असाच एक क्लब निघाला होता, तिथून हे पसरलं. पोरं वर्षभर काहीतरी करतात, शिवण, रॉकेट, डुक्कर, काहीही, आणि उन्हाळ्यात काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेत, मांडतात. मागच्या वर्षी आम्ही नानकटाई नेलेली, तर जजबाईंनी लेकीला समोर बसवून तूप किती, वेलदोडा कधी घातला, तळ जास्त लाल का झाला सगळं विचारलं आणि लाल रिबन दिली. निळी वरची. पहिला-दुसरा नंबर नाही, ठरलेल्या मापात तुमची वस्तू कुठे बसते ते बघायचं. हे मला फार आवडलं, दहावीच्या पर्सेंटेजवर वाढलेल्या बाईला आवडणारच.

यंदा तिला बोकड हवा होता. एप्रिलमध्ये 225 डॉलरला आणला, 45 पाउंडाचा, खच्ची केलेला, नाव ठेवलं बटाट्या. घरामागे जागा नाही म्हणून मैत्रिणीच्या गोठ्यात एक कोपरा मिळाला आणि सकाळी सहाला आणि संध्याकाळी असं रोज गाडी काढून जाणं आमच्या नशिबी आलं, नवरा पुण्यातल्या फ्लॅटमधे वाढलेला, त्याने आयुष्यात पहिल्यांदा लेंड्या उचलल्या. खुराक किती, खर्च किती, वजन किती वाढलं सगळं वहीत. औषध टोचलं तर त्यानंतर किती दिवस जनावर कापायला पाठवता येत नाही हे सुद्धा पोरांना शिकवतात, कापायला हाच शब्द वापरून. म्हणजे शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक.

फेअरच्या रिंगणात ती बटाट्याच्या छातीला गुडघा लावून उभी होती, बोकडाने अंग ताठ करावं म्हणून तसं उभं राहतात, आणि नजर सारखी जजकडे. निळी रिबन मिळाली. दुसऱ्या दिवशी लिलाव. एका बँकेने 640 डॉलरला घेतला, बाजारात त्याचे फार तर अडीचशे आले असते. ट्रकमधे चढवल्यावर ती त्याचा पट्टा हातात धरून गोठ्यामागे जाऊन रडली, तिथे आधीच चार-पाच पोरं रडत होती, एक चांगला सहा फूट उंच पोरगा.

मला आप्पा आठवले. पुसेगावच्या यात्रेत सर्जा विकला तेव्हा रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला, आणि आप्पा कासरा खांद्यावर टाकून घरी आले, जेवले नाहीत. तो बैल पुढे कुठे गेला हे घरात कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

ग्रुपवर बहिणीने लिहिलं, नाव ठेवून मारलात, कसं जमतं गं तुम्हाला. काकांनी उलट तिलाच धरलं की चामड्याची पर्स कशी चालते. मला दोघांचंही पटत नाही. खिल्लार शर्यतीमुळेच टिकलाय हे काकांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, ट्रॅक्टर आल्यावर खोंड कोण पोसणार, पण बॅटरीचा शॉक देणाऱ्यांवर काका कधी बोलत नाहीत. आणि 2015 पासून बैलही कापायला बंदी आहे, तर म्हाताऱ्या बैलाची वैरण कोणी भरायची याचं उत्तर ना कायदा करणाऱ्यांकडे ना बहिणीकडे. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी, म्हणजे कापायची जनावरं घेणाऱ्या, व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली तेव्हा बाजारातून जनावरं परत घरी न्यायची पाळी आली शेतकऱ्यांवर. इथे निदान तेरा वर्षांच्या पोरीला माया, हिशोब आणि कत्तल एकाच वहीत लिहायला लावतात. अर्थात अमेरिकेचं फार कौतुक नको, इथलं बहुतेक मांस बंद शेडमधून येतं जिथे कुणी बटाट्या नाव ठेवत नाही, फेअर हा त्याचा धुऊन-पुसून मांडलेला कोपरा.

हे सगळं मी टाइप केलं आणि पुसलं. मग काकांचा मेसेज आला, "किलोला काय पडला?"

विकताना बटाट्या 82 पाउंडाचा होता, म्हणजे सदतीस किलो, सतराच्या वर डॉलर किलोला, जिवंत वजनाला. रुपयात करून पाठवलं.

"मग बँक येडी हाय का?"

मी सांगितलं काका, जाहिरात असते ती, पेपरात फोटो येतो बँकेच्या मॅनेजरचा पोरीबरोबर. काकांनी अंगठा टाकला आणि दहा मिनिटांनी विचारलं की तिकडं उस्मानाबादी शेळी चालंल का.